तिसऱ्या सोमवारचा वाटाड्या

लहानू काकडांना टीव्हीवर जंगलात हरवलेली माणसं बघायला फार आवडायची. संध्याकाळी कचेरीतून आले, हातपाय धुतले, चहाचा कप हातात आला की ते चॅनल लागलंच. कुणीतरी गोरा माणूस बर्फात नाहीतर वाळवंटात एकटाच धडपडत असायचा आणि इंदिरानगरातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या सोफ्यावरून काकड त्याला सूचना करायचे. "अरे, आधी पाणी शोध ना लेका! ओढा धर आणि चालायला लाग, गाव आपोआप येतं. काय माणसं आहेत, एवढं साधं कळत नाही!" त्या बिचाऱ्याला मराठी येत नसल्यामुळे तो आपल्या पद्धतीनं हाल काढत राहायचा आणि काकड मान हलवून चहा संपवायचे.

त्यांच्या या अधिकाराला आधार होता ब्रह्मगिरीच्या फेरीचा. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी सगळं नाशिक त्र्यंबकला लोटतं, कुशावर्तात डुबकी मारतं आणि अनवाणी पायांनी डोंगराला वेढा घालतं. काकडांनी कॉलेजात असल्यापासून एकही फेरी चुकवली नव्हती. हे कौतुकाचं आहे, कोण नाही म्हणतं? पण त्या दिवशी डोंगराभोवती लाखभर माणसं असतात. पुढच्याच्या पाठीला नाक लावून चालायचं. कुणी चहा देतं, कुणी केळं देतं, कुणी साबुदाण्याची खिचडी द्रोणात घालून हातात कोंबतं. पाण्याचे टँकर उभे, पोलीस उभे, पाय मुरगळलाच तर ॲम्ब्युलन्स उभी. अशा वाटेवर एखाद्यानं हरवायचं मनावर घेतलं तरी लोक त्याला हरवू देत नाहीत. एवढ्या भांडवलावर काकड स्वतःला रानातला माणूस समजायचे, आणि बिल्डिंगमधले लोकही त्यांना तसंच समजायचे. त्यांच्या मुलीला, दिशाला, याचा भयंकर राग यायचा.

राग यायला तिच्याकडे कारण होतं. दिशा अठरा वर्षांची. गेली दोन वर्षं ती गावातल्या एका गिर्यारोहण क्लबात जात होती, दर रविवारी पांडवलेण्यांच्या मागच्या कातळावर हात सोलून घेत होती. त्या वर्षी क्लबातून उत्तरकाशीच्या महिनाभराच्या कोर्ससाठी तिची निवड झाली होती. क्लब चालवणाऱ्या स्नेहाताईंचा एकच नियम होता. वडिलांचा होकार वडिलांच्याच तोंडून ऐकल्याशिवाय त्या कोणत्याही मुलीला हिमालयात नेत नसत. म्हणजे दिशाचा सगळा हिमालय बाबांच्या एका शब्दावर अडून बसला होता, आणि तो शब्द काही केल्या निघत नव्हता.

"डोंगर कोर्सात शिकायची गोष्ट आहे का?" बाबा म्हणायचे. "तो अंगात असावा लागतो. एकदा माझ्याबरोबर फेरीला चल. तुझे पाय बघतो, मग सांगतो."

"फेरी तर श्रावणात झाली बाबा. आता ऑक्टोबर आहे."

"मग काय डोंगर उचलून नेला कुणी? गर्दी नाही, गडबड नाही. खरी मजा आताच."

दिशाला बरंच काही बोलायचं होतं, पण शब्द मिळवायचा असेल तर जीभ आवरायला हवी हे तिला कळत होतं. तिनं मूग गिळले आणि हो म्हटलं.

रविवारी सकाळी निघायच्या वेळी पहिली ठिणगी पडली. दिशानं सॅकमध्ये दोर भरला होता. बाबांनी तो बाहेर काढून दिवाणावर टाकला. "गुरं बांधायला चाललोय का आपण?" मग त्यांनी पाण्याच्या बाटल्या काढल्या. "एक पुरे. तिथं जागोजागी पाणी मिळतं." जागोजागी मिळणारं पाणी टँकरचं असतं आणि टँकर श्रावणात असतो, हे दिशाच्या ओठांवर आलं होतं. ती काही बोलली नाही. तिनं दोन बाटल्या पुऱ्यांच्या डब्याखाली लपवल्या. आई, म्हणजे मंगला, हे सगळं बघत होती. तिनं डब्यावर नॅपकिन नीट पसरला आणि तीही काही बोलली नाही. त्या घरात न बोलण्याचं काम दोघींनी वाटून घेतलं होतं.

जुन्या सीबीएस स्टँडवरून एसटीनं त्र्यंबक, तिथून चालत पहिने गावाच्या बाजूला. पहिन्यापर्यंत सगळं झकास होतं. रस्ता डांबरी, हवा छान, बाबा पुढे. डोक्यावर खाकी टोपी, हातात वाटेत तोडलेली काठी. मंगला साडी जरा वर खोचून चालत होती आणि मधूनमधून "छान वाटतं गं" म्हणत होती. दिशालाही वाटलं, आपण उगीच चिडतो. एक दिवस चालायचं, घरी जायचं, होकार घ्यायचा.

मग गाव मागं पडलं, वाट डोंगराकडे वळली आणि बाबा थांबले.

"इथं चहाचा मंडप असतो," ते म्हणाले.

समोर कमरेएवढं गवत होतं. मंडप कुठला असायला!

"मंडपाच्या डाव्या हातानं जायचं," बाबा म्हणाले आणि नसलेल्या मंडपाच्या डाव्या हाताला वळले. पुढे गेल्यावर त्यांनी केळीवाल्याची जागा शोधली. मग खिचडीच्या मंडळाची. मग "तो एक लाउडस्पीकर लावलेला असतो बघ, तो खांब." दिशा आ वासून ऐकत राहिली. इतकी वर्षं हा माणूस डोंगराला फेरी घालत आला आणि त्याला डोंगर ठाऊकच नव्हता. त्याला ठाऊक होती ती खाण्यापिण्याची दुकानं. ती उठून गेली तशी वाटही गेली. तिला हसू यायला हवं होतं. आलं नाही, कारण आई मागं पडायला लागली होती आणि ऊन डोक्यावर आलं होतं.

"बाबा, ही गुरांची वाट आहे. आपण मागं जाऊ, पहिन्यात कुणालातरी विचारू."

"विचारू? मी? फेरीची वाट?" बाबांनी असं काही पाहिलं की जणू तिनं त्यांना स्वतःच्या घराचा पत्ता विचारायला सांगितला होता. "घाबरली असशील तर तसं सांग. उत्तरकाशीला जाणार म्हणे!"

झालं. होकाराची गाठ अशी प्रत्येक पावलाला बांधून ठेवलेली. बोललं तर घाबरट, न बोललं तर चुकलेल्या वाटेचे भागीदार. दिशा दातओठ खात मागून चालत राहिली. एवढं मात्र तिनं केलं की क्लबात शिकवल्याप्रमाणे थोड्या थोड्या वेळानं वळून मागं बघितलं. परतताना वाट कशी दिसेल ते डोक्यात ठेवायचं. वीज पडून चिरलेला एक आंबा. एका मोठ्या दगडावर दुसरा दगड. गवतात आपणच पाडलेली फट.

गुरांची वाट जिथं संपायची तिथं संपली. पुढे कारवीचं दाट रान आणि त्याच्यामधून उतरणारा एक ओढा, पावसाळ्यानंतरचं थोडं पाणी उरलेला. तो बघताच बाबांचा चेहरा खुलला. सोफ्यावरून इतकी वर्षं दिलेला सल्ला शेवटी कामाला येणार होता.

"पाणी खालीच जातं की नाही? आणि खाली गावच असतं. ओढा धरायचा."

"ओढा कड्यावरूनही खाली जातो बाबा," दिशा म्हणाली. या वेळी तिला राहवलं नाही. "पाण्याला उडी मारता येते, आपल्याला नाही."

"पुस्तकी बोलू नकोस."

"अहो, ती म्हणतेय तर जाऊ या ना मागं," मंगला म्हणाली. तिच्या टाचेला फोड आला होता आणि एक बाटली कधीच संपली होती. बाबांनी ऐकलं नाही. ते ओढ्यात उतरले सुद्धा. आता त्यांना एकट्याला सोडून दोघींनी परत फिरायचं कसं? गेल्या दोघीही मागोमाग, मनातल्या मनात शिव्या घालत.

ओढा बराच वेळ शहाण्यासारखा वागला. मग समोर झाडं एकदम संपली आणि नुसतं आकाश दिसायला लागलं. पाण्याचा आवाज खालून, फार खालून येत होता. दिशा ओरडली, "बाबा, थांबा!" बाबा थांबले, वळले, आणि "बघतो तर" असं म्हणत त्यांनी आणखी एक पाऊल शेवाळलेल्या कातळावर टाकलं. पाय सटकला. ते पाठीवर पडले आणि तसेच घसरत कडेपर्यंत गेले. कडेला कारवीचं एक जुनं खोड होतं, ते हातात आलं म्हणून थांबले. पाय गुडघ्यापासून बाहेर लोंबत होते. टोपी गेली. ती खाली पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

आणि दिशा? जी हिमालयात जायला निघाली होती ती? ती जागच्या जागी दगड झाली. कातळावर सराव करताना वरून दोर असायचा, खाली चार माणसं असायची, कानात स्नेहाताईंचा आवाज असायचा. इथं काहीच नव्हतं. आपल्याला भीती वाटत नाही असं तिनं मैत्रिणींना कितीदा सांगितलं होतं. आता तिच्या डोक्यात एकही धडा शिल्लक नव्हता. बापाचीच लेक, दुसरं काय.

"दिशा!" आई किंचाळली. "अगं काहीतरी कर!"

त्या किंचाळण्यानं ती भानावर आली. ती कोरड्या खडकावर खाली बसली, दोन्ही टाचा एका खाचेत रुतवल्या. आईला मागं बसवून कंबर घट्ट धरायला लावली. सॅक रिकामी केली आणि तिचा पट्टा लांब करून बाबांकडे टाकला. "एक हात पट्ट्याला. खोड सोडू नका. माझ्याकडे बघा, खाली नाही." तिचा आवाज चिरकत होता. बाबांनी मुकाट्यानं ऐकलं. त्यांनी तिचं ऐकण्याची ती पहिलीच वेळ होती. दोघी ओढत राहिल्या, बाबा गुडघ्यांवर सरकत राहिले आणि शेवटी तिघं एकमेकांवर पडून धापा टाकत राहिली. बाबांचं कोपर सोलपटलं होतं, पँट फाटली होती. दिशानं लपवलेली बाटली त्यांना दिली. ती कुठून आली हे त्यांनी विचारलं नाही.

"आता मी सांगते तसं," दिशा म्हणाली.

परतीची वाट सोपी नव्हती. एकदा ती दगडावरचा दगड समजून भलत्याच दगडाकडे गेली आणि सगळ्यांना पुन्हा मागं यावं लागलं. या वेळी चुकणारी तीच होती. पण चिरलेला आंबा सापडला, मग गवतातली फट, मग लांबवर पहिन्यातली कौलं. उन्हं उतरता उतरता तिघं रस्त्याला लागली. चालताना बाबांनी एकदा तिच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि बराच वेळ काढला नव्हता. त्या हातानं दिशाचा सगळा राग विरघळला. आता त्यांना कळलंय, तिला वाटलं. आता हो म्हणतील. मागावंही लागणार नाही.

पहिन्याच्या फाट्यावर एक जीप मिळाली. ड्रायव्हरनं आरशातून फाटकी पँट बघितली. "काय झालं दादा? पडले काय कुठं?"

"नाही, जरा वेगळी वाट केली आज," बाबा म्हणाले. "अवघड होती, पण केली."

दिशानं आईकडे बघितलं. आई खिडकीबाहेर बघत होती. त्र्यंबक येईपर्यंत बाबांच्या सांगण्यात त्या वाटेवर एक कडा आला, नाशिक येईपर्यंत त्यांनी दोघींना तो कडा मुद्दाम बघायला नेलं होतं, आणि इंदिरानगरचा स्टॉप येईपर्यंत त्यांचा आवाज पूर्वीसारखा खणखणीत झाला होता.

बिल्डिंगच्या खाली संध्याकाळची माणसं खुर्च्या टाकून बसली होती. सोलपटलेलं कोपर बघून सगळे गोळा झाले. तळमजल्यावरच्या रवीकाकांनी आपली खुर्ची दिली. बाबा बसले आणि सुरू झाले. ओढा होता, कडा होता, पाय सटकला होता. सगळं होतं, फक्त हरवणं नव्हतं. "हात सटकू दिला नाही. तिथं डोकं थंड लागतं. मी पोरीला म्हटलं, टाक पट्टा, टाचा रोव. आणि काय सांगू, पोरगी माझीच! जराही डगमगली नाही." त्यांनी दिशाला जवळ ओढलं. "उत्तरकाशीला जायचंय ना तुला? जा. दिली परवानगी. सगळ्यांसमोर दिली. उद्या तुझ्या त्या ताईंना फोन लाव, मी बोलतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दिशाचे डोळे भरून आले. खोट्या गोष्टीतून का होईना, शब्द निघाला होता. सांगू देत त्यांना काय सांगायचं ते. कुणाचं काय बिघडतं?

"आणि पुढच्या रविवारी," बाबा म्हणाले, "बिल्डिंगमधल्या सगळ्या पोरांना मी नेतो. ह्याच वाटेनं. टीव्हीसमोर बसून काय कळतं डोंगर म्हणजे काय ते! रवी, तुझा ओम आणि धाकटी, दोघांना पाठव."

"पाठवतो की! तुमच्यासारखा माणूस बरोबर असल्यावर काय काळजी?" रवीकाका म्हणाले. ओम आठ वर्षांचा होता. पोरांनी एकच गलका केला.

दिशा वाट बघत राहिली, कुणीतरी काहीतरी विचारील म्हणून. पाणी किती न्यायचं, वाट कशी आहे, काहीही. कुणी विचारलं नाही. तिला तो कातळ दिसत होता आणि त्यावर ओमचे छोटे बूट. एक दिवस थांबावं, उद्या फोन होऊ द्यावा, मग सांगावं, असंही तिच्या मनात आलं. पण आत्ताच आया उद्याच्या डब्यासारख्या पुढच्या रविवारच्या डब्याचं बोलायला लागल्या होत्या, आणि होकार घेऊन झाल्यावर खरं सांगायचं म्हणजे तो होकार आपणही खोटेपणानंच मिळवायचा. तिला स्वतःचाच संताप आला.

"रवीकाका, नका पाठवू," ती म्हणाली. "आम्ही हरवलो होतो. बाबांना वाट माहीत नाही. वेगळी वाट वगैरे काही नव्हती, आम्ही चुकून कड्यावर गेलो."

मग बाबा हसले. "घाबरलीय पोर. दमलीय."

"हो ना, होतं असं," रवीकाका म्हणाले. बाकीचेही हसले. कुणीतरी तिला पाणी आणून दिलं. तिच्या हातात ग्लास, आणि सगळ्यांच्या तोंडावर तो समजूतदार भाव. ओरडावं, ग्लास फोडावा, काय करावं ते तिला कळेना.

"घाबरली नाही ती," जिन्याच्या पायरीवर बसलेली मंगला म्हणाली. फोड आलेली टाच तिनं हातात धरली होती. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली होती आणि चारचौघांत नवऱ्याचा शब्द तिनं कधी खोडला नव्हता. "हरवलोच होतो. हे लोंबत होते कड्याला. ओमला पाठवू नका."

आता मात्र हसू विझलं. रवीकाका उठले, खुर्चीच्या पाठीवर हात फिरवत राहिले. "तसंही पुढच्या रविवारी पोरांची मॅच आहे काकडसाहेब. बघू नंतर कधी." एकेक करून सगळे आपापल्या घरी गेले. बाबा रिकाम्या अंगणात खुर्चीत बसून राहिले.

वर आल्यावर त्यांनी दार लावलं. "झालं समाधान दोघींचं?" त्यांचा आवाज चढला नाही, हे जास्त वाईट होतं. "चार माणसांत बापाची अब्रू काढणारी पोरगी मी परमुलखात पाठवणार? उत्तरकाशीचं नाव काढायचं नाही या घरात."

"बाबा, तुम्ही आत्ता सगळ्यांसमोर शब्द दिला."

"मग तूही मला खोटं पाडलंस ना सगळ्यांसमोर."

"अहो, तिनं ओढलं नसतं तर..." मंगला म्हणाली.

"ओढलं, ओढलं! मी खोड धरलं नसतं तर कुणाला ओढलं असतं?" आणि ते आंघोळीला गेले. त्यांना हे मनापासून पटलेलं होतं, हेच दिशाला सहन होईना. खोटं बोलणाऱ्या माणसाशी भांडता येतं. यांच्याशी कशावरून भांडायचं? ती स्वयंपाकघरात जाऊन रडली. आईनं जवळ येऊन पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "बोललीस ते बरं केलंस." दिशाला ते बरं केलेलं नको होतं. तिला जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी बाबा कचेरीत गेल्यावर तिनं स्नेहाताईंना फोन लावला आणि येत नाही म्हणून सांगितलं.

"अगं, का?" पलीकडून ताई म्हणाल्या. "घरचे डोंगराला घाबरतात का? खूप आईवडील घाबरतात. मी येऊन बोलू का त्यांच्याशी?"

दिशानं दिवाणावर अजून तसाच पडलेल्या दोराकडे बघितलं.

"नाही ताई," ती म्हणाली, "बाबा अजिबात घाबरत नाहीत. घाबरले असते ना, तर पाठवलं असतं."